टॉमकॅट गुदमरतो तेव्हा: मेमरी वाढवण्याआधी काय पाहावं?



आपल्यापैकी बरेच जण पोटापाण्यासाठी संगणकाशी झुंजतात, आणि संशोधनात असलेल्यांच्या गळ्यात कधी ना कधी प्रयोगशाळेचा सर्व्हर येऊन पडतोच. त्या सर्व्हरवर जावामध्ये लिहिलेलं एखादं वेब ॲप्लिकेशन असेल, तर त्याच्याखाली टॉमकॅट असण्याची शक्यता बरीच मोठी. मग एखाद्या दिवशी पान उघडेनासं होतं, लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी एरर’ दिसतं, आणि शेजारच्या टेबलावरून तत्काळ सल्ला मिळतो: ‘मेमरी वाढव आणि रीस्टार्ट कर.’

हा सल्ला कधीकधी बरोबर असतो. पण अनेकदा तो निरुपयोगी ठरतो, आणि काही वेळा तर दुखणं वाढवतो. असं का होतं आणि नेमकं काय पाहायचं, ते आज समजून घेऊ. तुम्ही प्रोग्रामर नसलात तरी हरकत नाही, हिशोब बेरीज-गुणाकाराचाच आहे. (आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.)

आधी थोडी ओळख

टॉमकॅटची सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्समध्ये झाली. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी ते लिहायला घेतलं आणि १९९९ मध्ये ते अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आलं. स्वतःची काळजी स्वतः घेऊ शकेल अशा प्राण्याचं नाव हवं, म्हणून त्यांनी ‘बोका’ निवडला. बोका खरंच काटक आहे, पण त्यालाही खायला आणि वावरायला जागा लागतेच.

एखादी खानावळ डोळ्यांसमोर आणा. तुमचा ब्राउझर सर्व्हरला काही मागतो, ती एक रिक्वेस्ट, म्हणजे आलेलं गिऱ्हाईक. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक वाढपी मिळतो, तो म्हणजे थ्रेड. ताट पूर्ण होईपर्यंत तो वाढपी त्याच गिऱ्हाइकाला बांधलेला असतो. स्वयंपाकाचा ओटा म्हणजे हीप. प्रोग्राम चालताना तयार होणाऱ्या वस्तू, उदाहरणार्थ डेटाबेसमधून आलेल्या ओळी, वाचलेली फाइल, लॉगिन केलेल्या व्यक्तीची माहिती, हे सगळं हीपमध्ये मांडलेलं असतं. उष्टी ताटं उचलणारा एक माणूस असतो, तो गार्बेज कलेक्टर. आणि खानावळीची पूर्ण इमारत म्हणजे संगणकाची रॅम.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची: वाढपी ओट्यावर उभे राहत नाहीत. त्यांना ओट्याबाहेर वेगळी जागा लागते. प्रत्येक थ्रेडचा स्वतःचा ‘स्टॅक’ असतो आणि तो हीपच्या बाहेर राहतो. ६४ बिट लिनक्सवर एका थ्रेडसाठी साधारणपणे १ एमबी राखून ठेवली जाते. राखून ठेवली म्हणजे सगळी वापरली असं नव्हे, प्रत्यक्ष वापर बराच कमी असतो. तरी हिशोबात ती धरावी लागते. क्लासची माहिती ज्यात राहते ती मेटास्पेसही हीपच्या बाहेर असते. जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, जुन्या ‘पर्मजेन’ची जागा या मेटास्पेसने घेतली, आणि मुद्दाम मर्यादा घातली नाही तर ती वाढत राहू शकते.

म्हणजे इमारत तेवढीच ठेवून ओटा मोठा केला, तर वाढप्यांना उभं राहायला जागा कमी पडते. ‘मेमरी वाढव’ या सल्ल्यातली गोम ती ही.

एरर एक, आजार वेगवेगळे

‘आउट ऑफ मेमरी एरर’ हे शब्द वाचून आपण थांबतो. खरी माहिती त्यापुढच्या शब्दांत असते. ‘ताप आहे’ एवढ्यावरून मलेरिया आहे की फ्लू ते कळत नाही, तसंच हे.

‘जावा हीप स्पेस’: ओटा भरला. एक तर खरोखर जागा कमी आहे, किंवा कोणीतरी वस्तू धरून ठेवतंय आणि सोडत नाही. दुसऱ्या प्रकाराला मेमरी लीक म्हणतात.

‘जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड’: उष्टी उचलणारा माणूस सतत राबतोय, पण जागा मोकळी होत नाही. साधारण ९८ टक्क्यांहून जास्त वेळ साफसफाईत जातो आणि २ टक्क्यांहून कमी हीप परत मिळते, तेव्हा जावा हा शेरा मारून हात टेकते.

‘मेटास्पेस’: क्लास फार जमले. सर्व्हर चालू ठेवून ॲप्लिकेशन पुन्हा पुन्हा चढवलं आणि जुन्या प्रतीचा एखादा धागा कुठेतरी अडकून राहिला, तर जुनी प्रत पूर्ण पुसली जात नाही. पाच-सात वेळा असं झालं की मेटास्पेस तुंबते.

‘अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड’: नवीन वाढपी ठेवता येत नाही. याचा हीप भरण्याशी थेट संबंध नाही! ऑपरेटिंग सिस्टिमने ‘आता बास’ म्हटलेलं असतं, एकतर थ्रेडच्या संख्येची मर्यादा संपली म्हणून, नाहीतर रॅम उरली नाही म्हणून. यावर हीप वाढवणं म्हणजे दात दुखतोय म्हणून गुडघ्याला लेप लावणं.

आणि पाचवा प्रकार, सगळ्यात गोंधळात टाकणारा: काहीच एरर नाही. लॉग मध्येच तुटतो आणि प्रोसेस गायब होते. इथे जावाला बोलायची संधीच मिळालेली नसते. इमारतीतली जागा संपल्यावर लिनक्सचा ‘ओओएम किलर’ सगळ्यात जागाखाऊ प्रोसेस शोधतो आणि तिला थेट मारतो. त्याची नोंद टॉमकॅटच्या लॉगमध्ये नसते, ती कर्नलच्या लॉगमध्ये मिळते. ‘डी-मेसेज’ ही आज्ञा देऊन त्यात ‘किल्ड प्रोसेस’ शोधायचं. डॉकर वापरत असाल, तर कंटेनर १३७ हा आकडा ठेवून मरतो (१२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे ‘किल’).

एका प्रयोगशाळेची गोष्ट

हे सगळे प्रकार एकाच सर्व्हरवर कसे भेटू शकतात, ते एका उदाहरणातून पाहू. एका विद्यापीठातल्या संशोधन गटाने मला त्यांचा सर्व्हर पाहायला सांगितलं होतं. त्यांचं वेब ॲप्लिकेशन प्रथिनांच्या क्रमांची तुलना करून देतं. यंत्राची रॅम ८ जीबी, प्रोसेसरचे ४ कोअर, आणि त्याच यंत्रावर डेटाबेसही. दर दोन-तीन दिवसांनी सगळं बंद पडायचं. त्रास नुसत्या रीस्टार्टचा नव्हता. विद्यार्थ्यांची रात्रभर चालणारी कामं सर्व्हरच्या मेमरीतच रांगेत असायची, त्यामुळे रीस्टार्ट केला की ती कामं गेली. एका विद्यार्थिनीचा प्रबंध जमा करायची तारीख तीन आठवड्यांवर आली होती, आणि तिचं एकच विश्लेषण चौथ्यांदा वाया गेलं होतं.

लॉगमध्ये सुरुवातीला ‘अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड’ होतं. गटाने त्यावर दोन आकडे वाढवले होते: हीप २ जीबीवरून ६ जीबी आणि टॉमकॅटचे थ्रेड २०० वरून १,०००. त्यानंतर एरर दिसेनाशी झाली, आणि प्रोसेसच गायब होऊ लागली.

आता हिशोब मांडा. टॉमकॅटला २०० थ्रेडची मर्यादा असताना तो नवीन थ्रेड मिळत नाही म्हणून रडतोच कसा? लिनक्सला २०० म्हणजे काहीच नाही. म्हणजे हे वाढपी टॉमकॅटचे नव्हतेच. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ ही आज्ञा त्या सेवेत किती ‘टास्क’ चालू आहेत आणि मर्यादा किती आहे ते दाखवते. तिथे मर्यादा ४,९१५ होती. हा आकडा अनेक लिनक्स यंत्रांवर दिसतो: ३२,७६८ चे १५ टक्के. चालू टास्क हजारांत होते आणि दर तासाला वाढत होते.

मग थ्रेड डंप घेतला, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतोय याची यादी. टॉमकॅटच्या स्वतःच्या थ्रेडची नावं ‘एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक’ अशी सुरू होतात. ते जेमतेम चाळीस निघाले. बाकी सगळ्यांची नावं ‘पूल-१-थ्रेड-१’, ‘पूल-२-थ्रेड-१’ अशी वाढत वाढत हजाराच्या पुढे गेलेली. नाव न देता थ्रेडचा संच तयार केला की जावा अशीच नावं देते. मधला आकडा वाढत जातोय, याचा अर्थ कोणीतरी प्रत्येक वेळी नवा संच उघडतंय आणि जुना बंद करत नाहीये. कोडमध्ये तेच सापडलं. प्रत्येक तुलनेसाठी ४ थ्रेडचा नवा संच उघडला जात होता आणि काम संपल्यावर तो तसाच राहत होता. एका गिऱ्हाइकासाठी चार वाढपी नेमायचे आणि गिऱ्हाईक गेल्यावरही त्यांना घरी पाठवायचं नाही, असा कारभार.

दिवसाला साधारण ५०० रिक्वेस्ट, प्रत्येकी ४ थ्रेड. म्हणजे दिवसाला २,००० थ्रेड. ४,९१५ ची मर्यादा अडीच दिवसांत संपणार. ‘दर दोन-तीन दिवसांनी’ हे कोडं सुटलं!

आणि हीप वाढवल्यावर प्रोसेस गायब का व्हायची? ८ जीबीच्या इमारतीत ओट्यालाच ६ जीबी दिले. त्यात डेटाबेस बसलेला. वर हजारो रिकामटेकडे थ्रेड. प्रत्येकाने १ एमबीपैकी शंभरेक केबी जरी खरोखर वापरली, तरी ४,००० थ्रेडचे ४०० एमबी होतात. शिवाय मेटास्पेस आणि खुद्द ऑपरेटिंग सिस्टिम. बेरीज ८ च्या पुढे गेली की ओओएम किलर येणारच. आकडे वाढवल्याने दुखणं बरं झालं नव्हतं. फक्त त्याचं कारण सांगणारी एरर बंद झाली होती.

उपाय काय झाला? सगळ्या ॲप्लिकेशनसाठी मिळून ४ थ्रेडचा एकच संच, कारण कोअर ४ च आहेत. कामांची रांग मेमरीतून काढून डेटाबेसमध्ये ठेवली, म्हणजे रीस्टार्ट झाला तरी काम हरवत नाही. हीप ३ जीबीवर आणली. टॉमकॅटचे थ्रेड १,००० वरून ५० वर. दोन्ही आकडे कमी केले आणि सर्व्हर टिकला. प्रबंधाचं विश्लेषण त्याच आठवड्यात पूर्ण झालं.

थ्रेड किती हवेत?

टॉमकॅटमध्ये ‘मॅक्स थ्रेड्स’ची मूळ किंमत २०० असते. ती पुरेशी आहे का, हे ठरवायला एक सुंदर सूत्र आहे: लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. एका वेळी आत असलेली गिऱ्हाइकं म्हणजे दर सेकंदाला येणारी गिऱ्हाइकं गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ.

समजा, दर सेकंदाला २० रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येकीला पाव सेकंद लागतो. २० गुणिले ०.२५ म्हणजे ५. फक्त पाच थ्रेड पुरतात! आता डेटाबेस मंदावला आणि तीच रिक्वेस्ट १५ सेकंद घेऊ लागली. २० गुणिले १५ म्हणजे ३००. दोनशे थ्रेड संपले. येणाऱ्या लोकांची संख्या तीच आहे, बदलला तो फक्त वेळ.

पुढे काय होतं? टॉमकॅट लगेच दार लावत नाही. नव्या आवृत्त्यांमध्ये ८,१९२ पर्यंत जोडण्या तो आत घेऊन थांबवून ठेवतो. त्याही भरल्या की ऑपरेटिंग सिस्टिमच्या रांगेत आणखी साधारण १०० थांबतात (या सेटिंगचं नाव ‘ॲक्सेप्ट काउंट’). त्यानंतर आलेल्यांना दार बंद. म्हणून वापरणाऱ्याला आधी पान नुसतं फिरताना दिसतं, नकार फार उशिरा येतो.

अशा वेळी थ्रेड ५०० केले तर? भात शिजायचा असेल तर वाढपी वाढवून पंगत लवकर उठत नाही. उलट ५०० थ्रेड आधीच दमलेल्या डेटाबेसवर तुटून पडतील. शिवाय प्रत्येक रिक्वेस्ट हीपमध्ये १० एमबी मांडत असेल, तर २०० थ्रेडला २ जीबी आणि ५०० थ्रेडला ५ जीबी लागेल. थ्रेड वाढवून तुम्ही हीप भरण्याची सोय करून ठेवलीत. हे दोन आकडे असे एकमेकांना बांधलेले आहेत, एकाला हात लावताना दुसऱ्याकडे पाहायलाच हवं.

डेटाबेसच्या जोडण्यांचा संच हीसुद्धा नेहमीची अडचण. टॉमकॅटसोबत येणाऱ्या डीबीसीपी २ मध्ये सेटिंग न बदलल्यास एका वेळी फक्त ८ जोडण्या मिळतात, आणि जोडणी मिळेपर्यंत थ्रेड कितीही वेळ थांबतो. म्हणजे वाढपी २०० आणि भाताचे डाव ८. प्रत्येक बाहेरच्या कामाला, मग तो डेटाबेस असो की दुसरी वेबसेवा, वेळेची मर्यादा घाला. दहा सेकंदांत उत्तर नाही आलं तर स्पष्ट नकार द्या. नकार मिळालेला माणूस पुन्हा प्रयत्न करू शकतो, अडकलेला थ्रेड मात्र सगळ्यांचीच वाट अडवतो.

जावा २१ मध्ये, सप्टेंबर २०२३ मध्ये, ‘व्हर्च्युअल थ्रेड’ पक्के झाले. ते फार हलके असतात, लाखांनी तयार करता येतात, आणि टॉमकॅटच्या नव्या आवृत्त्यांत वापरताही येतात. थांबण्यात वेळ घालवणाऱ्या ॲप्लिकेशनला त्यांचा चांगला फायदा होतो. पण त्यांच्यामुळे डेटाबेसच्या ८ जोडण्यांच्या ८० होत नाहीत.

तपासणी कशी करायची?

रीस्टार्ट करायची घाई सगळ्यांना असते, पण रीस्टार्ट केला की पुरावा पुसला जातो. दोन मिनिटं काढून आधी एवढं करा.

१. एररचे पूर्ण शब्द लिहून घ्या. शब्दच नसतील तर कर्नलचा लॉग पाहा.

२. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप घ्या. ‘जेस्टॅक’ किंवा ‘जेसीएमडी’ ही साधनं जावाच्या विकसक संचासोबतच येतात. तीही नसतील तर ‘किल -३’ द्या. नाव भयंकर असलं तरी हा संकेत जावाला मारत नाही, फक्त डंप लॉगमध्ये लिहायला लावतो. तिन्ही वेळा बरेच थ्रेड एकाच ओळीवर उभे असतील, तर तुमची अडचण त्या ओळीत आहे.

३. हीपचा आलेख पाहा. निरोगी सर्व्हरचा आलेख करवतीच्या दातांसारखा असतो: वर चढतो, साफसफाई झाली की खाली येतो. दातांची टोकं उंच आहेत म्हणून घाबरू नका. पाहायचं ते दातांचं बूड. ते दिवसेंदिवस वर सरकत असेल तर लीक आहे, आणि हीप दुप्पट केली तर तुम्हाला फक्त दुप्पट दिवस मिळतील.

४. हीप भरल्यावर तिची प्रत आपोआप फाइलमध्ये उतरावी, अशी सोय आधीच करून ठेवा. त्या पर्यायाचं नाव ‘हीप डंप ऑन आउट ऑफ मेमरी एरर’. ही प्रत ‘एक्लिप्स मेमरी ॲनालायझर’ या मोफत साधनात उघडली की कोणत्या वस्तूंनी किती जागा धरली आहे ते दिसतं. दोन गोष्टी सांभाळा: फाइल हीपएवढी मोठी असू शकते, तेव्हा डिस्कवर जागा ठेवा, आणि तिच्यात वापरणाऱ्यांची माहिती, पासवर्डसुद्धा असू शकतात, म्हणून ती ईमेलने इकडेतिकडे पाठवू नका.

मेमरी खरंच वाढवायची वेळ

दातांचं बूड स्थिर आहे, पण गर्दीच्या वेळी टोकं छताला लागतात, गार्बेज कलेक्टर सतत पळतोय, आणि इमारतीत रिकामी जागा आहे. अशा वेळी खुशाल हीप वाढवा. काही सांगितलं नाही तर जावा रॅमच्या एक चतुर्थांश हीप घेते, आणि सर्व्हरसाठी ते अनेकदा कमी पडतं. ‘एक्स-एम-एक्स’ हा पर्याय टॉमकॅटच्या ‘सेट-ई-एन-व्ही’ फाइलमध्ये ‘कॅटालिना ऑप्ट्स’खाली लिहा. ‘जावा ऑप्ट्स’मध्ये लिहिलात तर सर्व्हर बंद करण्यासाठी क्षणभर उठणारी छोटी प्रोसेसही तेवढ्याच हीपची परवानगी घेऊन उभी राहते.

मोठ्या यंत्रांवर एक गंमत आहे. हीप ३२ जीबीच्या खाली असेल तर जावा वस्तूंचे पत्ते ४ बाइटमध्ये बसवते. वर गेलं की पत्ता ८ बाइटचा होतो. त्यामुळे ३१ वरून ३३ जीबीवर गेलात तर जागा वाढण्याऐवजी कमीच भासू शकते.

मंडळी, कोणताही आकडा बदलण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. नेमकं काय भरलं आहे? ते कोणी भरलं? आणि मी हा आकडा वाढवला तर जागा कोणाच्या वाट्यातून जाणार आहे? तिन्हींची उत्तरं कागदावर लिहिता आली, तर रीस्टार्टचं बटण दाबायला हरकत नाही. येत नसतील, तर आधी तो थ्रेड डंप घ्या.